थेंबातली तोंडी परीक्षा

प्रात्यक्षिक परीक्षेत नळीच्या टोकाचा थेंब काही केल्या पडेना. मालविकानं पाण्यात रसायन घातलं होतं ते आमटीत मीठ घालावं तसं, अंदाजानं. थेंब फुगत फुगत रांजणाएवढा झाला.

“थेंब पडलेच नाहीत, तर मोजणार काय आणि पृष्ठताण काढणार कसा? नापास,” असं म्हणत परीक्षक बघायला वाकले आणि, खोटं कशाला सांगू, चष्म्यासकट थेंबात गेले.

पण परीक्षक तो परीक्षकच. बुडबुडे सोडत त्यांनी आतून तोंडी परीक्षेचा प्रश्न विचारला, “पृष्ठताण म्हणजे काय?”

“सर, बाहेर येऊन दाखवा,” मालविका म्हणाली.

सरांनी जोर लावला. थेंबाची कातडी दारापर्यंत ताणली गेली आणि त्यांना घेऊन परत जागेवर आली.

“पास,” सर म्हणाले. “आता यात साबण टाक आणि मला सोडव.”