तिरका सात

“शेपटीवरच्या नंबरातला सात तिरका आहे,” परीक्षक भिंग खाली ठेवत म्हणाले. “हिरवे-तपकिरी पट्टे, चिन्हं, सगळं चोख. पण याचे गुण कापावे लागणार.” लष्करी हेलिकॉप्टरची ही प्रतिकृती मी स्पर्धेसाठी वर्षभर खपून केली होती. मी खऱ्या हेलिकॉप्टरचा फोटो पुढे केला. त्यातही सात तिरकाच होता. परीक्षक हसले. “कुणी रंगवला हा? डोळे मिटून?” माझ्यामागे उभी असलेली आई पुढे आली. “मी रंगवला. हवाई तळावर मी रंगारी होते. शेपटी नवी बसवलेली, नंबराशिवाय उडायची परवानगी नाही, आणि पुरात माणसं छपरांवर अडकलेली. साचा शोधत बसले असते? हातानेच ओढला.” “मग नंतर सरळ का नाही केलात?” “गेले होते ना शिडी घेऊन! एकवीस जणांना वाचवून परतलेल्या वैमानिकाने कुंचलाच हिसकावला. म्हणाला, ‘खबरदार, ताई, या साताला हात लावलात तर!’”