रविवारची वही

"मीठ किती घालायचं गं?"

चमचा हातात धरून बाबांनी विचारलं आणि ती दारातच थबकली. एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं चारशे माणसांचा स्वयंपाक केलेला हा आचारी. मीठ मुठीनं घालायचा, तेही कुणाशी तरी हुज्जत घालता घालता. आणि आता चार वाट्या सुपासाठी लेकीच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"द्या इकडे." खांद्यावरची पर्स उतरवण्याआधीच तिनं चमचा घेतला.

हा तिसरा रविवार. पहिल्या रविवारच्या आधी बाबांचा फोन आला होता. "भिंगरी, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. झोप, घरचं जेवण आणि एखादा छंद, तिन्हींची घडी नीट बसली पाहिजे म्हणाल्या. वहीत लिहायचंय. चार रविवार तू ये, मग वही घेऊन दोघांना बोलावलंय."

"आणि बाकीचे दिवस?"

"रविवारचं पुरे म्हणाल्या. आता डॉक्टरांशी का वाद घालायचा?"

पहिल्या रविवारीही बाबांनी मीठ असंच विचारलं होतं; ते तिनं परगावच्या धाकट्या भावाला सांगितलं, तिथंच चुकलं. त्यानं दोन दिवसांत एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. "वही धड निघाली नाही तर मी येऊन त्यांना हलवणार," तो म्हणाला. "ओटा पेटवून बसतील एक दिवस."

आई गेल्यावरही बाबांनी हे घर सोडलं नव्हतं. स्वतःच्या हातानं धार लावलेल्या सुऱ्या, भिंतीवर उतरत्या भांजणीनं टांगलेले झारे. यातून उचलून नेला तर हा माणूस महिन्याभरात वाळून जाईल, हे तिला दिसत होतं. वही धड निघायलाच हवी होती.

सूप उकळलं. तिनं पाव भाजला, दोघांना वाढलं आणि जेवता जेवता, दोनदा आपली वाटी पुढे करत, बाबांना फैलावर घेतलं. कांदा करपला कसा? गॅस मोठा का? बाबा खाली मान घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "इस्पितळात दोनशे जणांच्या पाळ्या लावतेस म्हणे. कुणी कधी यायचं, कुणी कधी निजायचं. त्या तक्त्यात तुझं नाव आहे का गं?"

"माझं कशाला काढता? विषय तुमचा चाललाय."

"बरं बाई. चुकलो."

जेवण झाल्यावर छंद. तिची शाळेतली रंगांची पेटी बाबांनी माळ्यावरून काढली होती. खिडकीबाहेरचं झाड काढायला बसले, आणि कागदावर उमटला झाडू.

"बाबा, हे काय?"

"वाऱ्यात झोडपलंय बिचारं."

तिला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी स्वतःचंच हसणं तिच्या कानावर पडलं. तिनं ब्रश ओढून घेतला. पान असं नाही, असं. सावली आधी, मग पान. पाऊण तास गेला, झाड झालं, पण बाबांनी एक फांदीही काढली नव्हती. शिकवणार तरी कसं अशा माणसाला?

मग दुपारची वामकुक्षी. "एकट्यानं पडलं की डोळा लागत नाही," बाबांचं ठरलेलं गाऱ्हाणं. "तू त्या दिवाणावर पड. नुसती पड."

नुसती पडायला म्हणून ती पडली आणि जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. बाबा खुर्चीत बसून घेवडा सोलत होते. समोर ढीगभर टरफलं.

"झोपलात का?"

"घोरत होतो की. तुला ऐकू कसं येईल?"

त्यांच्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. उठल्या उठल्या अंथरूण नीट करायची सवय तेवढी टिकून आहे, तिला वाटलं.

ते चहा ठेवायला गेले तेव्हा तिनं वही उघडली. 'जेवण : दोनदा मागून घेतलं. छंद : पाऊण तास, झाड. हसणं झालं. झोप : दोन तास दहा मिनिटं, गाढ.'

तिनं वही मिटली. बाबांनी तर अर्धी वाटी सूपसुद्धा संपवलं नव्हतं. झाड तिनं काढलं होतं. पास होण्यासाठी म्हातारा धडधडीत खोटं लिहीत होता. तिनं वही होती तिथं ठेवली आणि मनाशी पक्कं केलं, विचारलंच तर आपणही खोटं बोलायचं.

चौथ्या रविवारी तिला यायला उशीर झाला. बसमध्ये डोळा लागला आणि कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर उठवलं. बाबांनी सूप पुन्हा गरम करायला ठेवलं आणि विचारलं, "मीठ किती घालायचं गं?"

सोमवारी दोघं दवाखान्यात गेले. तिनं बाबांना दंडाला धरून टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः भिंतीकडच्या बाकावर टेकली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. एकेक पान सावकाश वाचलं. एका पानावर थांबून त्या बाबांकडे बघून हसल्या.

"छान. सुधारणा आहे. हे सगळं खरंय ना?"

"खरंय," ती घाईनं म्हणाली. "अक्षर न् अक्षर. माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

"मग बरंच झालं." डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि रक्तदाबाचं यंत्र पुढे ओढलं. "काका, उठा आता तिथून. पेशंटची खुर्ची आहे ती. तुमच्या लेकीला बसू द्या."