आधी वाजवून दाखव

"बाबा, त्या विकणाऱ्या माणसाचं साइटवरचं खातंच गायब झालंय. पैसे पाठवलेत का?" कॅरिननं घाबरून फोनवर विचारलं.

"एक सेंटसुद्धा नाही! मला काय खुळा समजतेस?" खिडकीबाहेर बर्फातल्या टपालपेटीवरची नजर न हलवता मर्ल म्हणाला. "ऑनलाइन भामट्यांचे सगळे डाव ठाऊक आहेत मला. स्पष्ट बजावलं, स्पूलचा टेपरेकॉर्डर आधी वाजवून दाखव, व्हिडिओ पाठव, मगच पैसे."

"मग?"

"म्हणाला, मशीन झकास आहे, पण वाजवायला टेप नाही. तुमच्याकडे असली तर पाठवा."

"बाबा... आईच्या आवाजाची टेप कुठंय?"

मर्लनं मांडीवरचा टेपचा रिकामा डबा घट्ट धरला.

"व्हिडिओ येईल गं. येईलच. त्यात ऐकू आपण तिला."