कानपिळी

"अहो, जोरात पिळा! मेहुण्याला हा मान एकदाच मिळतो," भटजी म्हणाले आणि मांडवात हशा पिकला.

निरंजन हसत पुढे झाला. नवरदेवाशेजारी त्याची बहीण केतकी मान खाली घालून बसली होती. गजऱ्याआड, उजव्या कानामागे, तिचा टाका अजून हुळहुळत असणार. तीन वर्षं तिथे कातडीखाली, डॉक्टरांनी नैराश्यावर बसवलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा मणी होता. त्यानेच तिला अंथरुणातून उठवलं होतं, खळखळून हसायला लावलं होतं. पण मणीवाली मुलगी करून घेणार कोण? आईच्या हट्टापायी दहा दिवसांपूर्वी निरंजननेच तिला दवाखान्यात नेऊन तो काढून आणला. "एकदा काढला की पुन्हा लागू पडत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केतकी आता जेवायचंही विसरायला लागली होती.

त्याने नवरदेवाचा, सारंगचा, उजवा कान धरून पिळला. कानामागे बोटाला टाक्याचा दोरा लागला.

सारंगने दचकून वर पाहिलं. ती विझलेली नजर निरंजनच्या चांगलीच ओळखीची होती. हल्ली घरी केतकी तशीच भिंतीकडे बघत बसायची.

"कुणाला सांगू नका," सारंग पुटपुटला.

निरंजनने कान सोडला. सारंगच्या आईने पुढे केलेलं धोतर-उपरणं त्याने घेतलं.

"जोडा अगदी अनुरूप आहे हो," मागून कुणीतरी म्हणालं.