धुऱ्यावरची पाटी

दामिनी कप काखेत मारून वावरात पोचली, तेव्हा तिचे वडील नत्थुजी कुंपणाची शेवटची तार ताणत होते. अमरावतीला कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. विषय होता, युद्ध संपवायला अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का. तिच्या वाट्याला 'योग्य होतं' ही बाजू आली, आणि पोरीनं मैदान मारलं. आठ दिवस रोज सकाळी ती गोठ्यात म्हशीपुढं भाषण घोकत होती. म्हशीचं माहीत नाही, पण नत्थुजींना ते पाठ झालं होतं.

"तुह्यं म्हणणं पटलं मले," ते तार पिळत म्हणाले. "चार रोही मरतीन, पण वावर वाचन. एकदाचं मिटून जाईन."

दामिनीला आधी हसू आलं. मग कळलं, की बाबा पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवरून कुंपणात करंट सोडणार आहेत. त्या साली दोनदा पेरणी मोडली होती. तिसऱ्यांदा उगवलेलं सोयाबीन रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप दिवसाढवळ्या चरून जायचा. फटाके, डबे, बुजगावणी, सगळं करून झालं होतं. शेतातली लाइट त्या आठवड्यात दुपारी दोनला यायची.

एखाद्या माणसाला करंट लागला तर, असं तिनं विचारून पाहिलं. नत्थुजींकडं उत्तर तयार होतं, आणि ते तिचंच होतं. आधी विमानातून इशाऱ्याची पत्रकं टाकली होती, मग जे हलले नाहीत त्यांचं पाप टाकणाऱ्याच्या माथी कसं, असं ती भाषणात म्हणाली होती. सभागृहात सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या होत्या.

"तशी आपुनही पाटी लावू," नत्थुजी म्हणाले. "अक्षर तुह्यं चांगलं हाये."

तिनं पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगानं ठसठशीत लिहिलं, 'सावधान. तारेत करंट आहे. हात लावू नये.' खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर तिला हलकंच वाटलं. कप कुंपणाच्या खांबाच्या बुडाशी ठेवून तिनं मोठा खिळा ठोकला आणि पाटी धुऱ्यावर, बांधाच्या वाटेकडं तोंड करून, अशी बसवली, की येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरावी.

दोनची लाइट यायला दहा मिनिटं कमी असताना जाईबाई वरच्या अंगाचं निंदण आटपून खाली आली. बारा वर्षं ती याच वावरात निंदत होती. भाकरीला मुंग्या लागू नयेत म्हणून निंदणाऱ्या बाया भाकरीचं फडकं कुंपणाला टांगतात. जाईबाईही सवयीनं कुंपणाकडं गेली, आणि पाटीचा नवा खिळा पाहून खूश झाली. एका हातानं तार घट्ट धरून तिनं टाचा उंचावल्या आणि फडकं त्या खिळ्याला अडकवलं.

स्टार्टरपाशी उभ्या नत्थुजींनी ते पाहिलं. त्यांनी करंटसाठी जोडलेली तार उपटून काढली. दामिनीला स्वतःची लाज वाटली. जाईबाईला मात्र बापलेकीचे चेहरे काहून उतरले, ते कळेना.

"मावशी," दामिनीनं हळूच विचारलं, "त्या पाटीवर काय लिवलं हाये?"

जाईबाईनं खांबाखालच्या कपाकडं पाहिलं, मग पाटीकडं. तिचा चेहरा फुलला.

"मले कुठं वाचता येते माय? तुले बक्षीस भेटलं, तेच लिवलं असन."