पोटभर पाणी

ओच्चप्पनला कोंबडे झुंजवायला सेवुगन वस्तादांनीच शिकवलं. पण मदुरैतल्या चहाच्या टपऱ्यांवर लोक शिष्याचंच नाव घेऊ लागले, तसं वस्तादांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

देवीच्या जत्रेत दोघांचे कोंबडे समोरासमोर आले. दुसऱ्या फेरीनंतर वस्तादांचा कोंबडा धापा टाकू लागला. त्यांचा उतरलेला चेहरा ओच्चप्पनला बघवेना. त्याने आपल्या कोंबड्याला मुद्दाम पोटभर पाणी पाजलं. जड झालेला तो कोंबडा पुढच्या फेरीत खालीच बसला.

लोकांनी वस्तादांना हार घातला. ओच्चप्पनवर पैजा लावलेल्यांनी मात्र त्याची गचांडी धरली.

"पाणी पाजताना पाहिलंय आम्ही! कुणाचे पैसे खाल्लेस रे, हरामखोरा?"

एकजण वस्तादांकडे वळला. "अण्णा, तुम्ही सांगा. असा आहे का हा?"

शिष्याने आपल्याला जिंकू दिलं, हे वस्तादांनी केव्हाच ओळखलं होतं. त्यांनी गळ्यातला हार सारखा केला.

"पैसा दिसला की त्याला दुसरं काही दिसत नाही."



मारायला हात उठले, तेव्हा ओच्चप्पन एवढंच म्हणाला, "वस्ताद कधी खोटं बोलत नाहीत."