संक्रांतीचं वाण

"धोंडीरामच्या कात्रीनेच रोग पसरलाय," असं सुनेत्राबाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून म्हणाल्या होत्या. आता माळ्याला कामावरून काढायचं तेवढं बाकी होतं. त्याआधी पुरावा हवा, म्हणून त्यांनी चौदाही घरांतल्या जास्वंदींच्या पानांवर विषाणूमापक टेकवला. हे यंत्र विषाणूचं नाव सांगून थांबत नसे. तो कुठल्या झाडावरून कुठल्या झाडावर गेला, तेही दाखवी.

पडद्यावर तेरा रेषा उमटल्या आणि चौदाव्या झुडपाशी येऊन मिळाल्या. ते झुडूप त्यांच्याच अंगणातलं होतं. त्याच्या पानांवरची पिवळी नक्षी सगळ्यांना फार आवडायची, म्हणून तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी त्याच्याच फांद्या वाण म्हणून वाटल्या होत्या. ती नक्षी हाच रोग होता.

"बाई, यंत्र चुकलं असेल," धोंडीराम हळूच म्हणाला.

"नाही, मी चुकले. आणि हे मीटिंगमध्येच सांगणार."

त्यांनी त्याच्याकडून कुदळ घेतली, आपलं झुडूप मुळासकट खणून काढलं, कुदळ साबणाने धुतली आणि शेजारची बेल वाजवली.

"हे काय, सुनेत्राताई?"

"दिलेलं वाण परत न्यायला आलेय."